ड्रायव्हरमधलं लॉकिंग तपासायला स्पार्स, लॉकडेप की क्लँगची नवी अ‍ॅनोटेशन्स?

कंसातला (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न थोडा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमच्या टीमकडे लिनक्स कर्नलच्या मेनलाइनबाहेरचा (अधिकृत सोर्समध्ये नसलेला) एक कॅरेक्टर डिव्हाइस ड्रायव्हर आहे. मूळ लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेले. आत एक स्पिनलॉक आणि दोन म्युटेक्स (दोन्ही सामायिक डेटा राखणारे लॉक; म्युटेक्स हातात असताना झोपता येतं, स्पिनलॉक असताना नाही). कुठला लॉक कशासाठी, हे सांगणारी एकमेव जागा म्हणजे स्ट्रक्टच्या डोक्यावरची कॉमेंट: 'रांग आणि संख्या लॉकखाली.' त्यानंतर स्ट्रक्टमध्ये बरीच फील्ड्स वाढली, कॉमेंट मात्र होती तिथेच आहे.

आता ६.१२ वरून ७.० वर जायचं ठरलंय आणि त्या निमित्ताने लॉकिंगची झाडाझडती माझ्या गळ्यात पडलीय. जुन्या कर्नलवर मेक सी=२ करून स्पार्स (कोड न चालवता तपासणारं टूल) चालवलं, तर 'कॉन्टेक्स्ट इम्बॅलन्स'च्या, म्हणजे लॉक घेणं-सोडणं जुळत नसल्याच्या, वॉर्निंगांचा पाऊस पडला, आणि उघडून बघितल्या त्यातल्या बहुतेक बिनबुडाच्या निघाल्या. लॉकडेप (कर्नल चालू असताना लॉकवर नजर ठेवणारी तपासणी) लावून टेस्ट सूट चालवला, तो शांत आहे. मग झालं का काम? की ७.० मध्ये आलेली क्लँग कंपायलरची कॉन्टेक्स्ट अ‍ॅनालिसिस (बिल्ड करतानाच लॉकिंग तपासणारी) लावण्यात अर्थ आहे? बॉसला 'हो' म्हणण्याआधी इथे विचारतोय.

शेवटचा_बाक

रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडेही हेच रामायण सुरू आहे.

घनचक्कर

@कंसातला, एक गोष्ट आधीच सांगतो, नाहीतर फसाल. ७.० वर गेल्यावर स्पार्सच्या त्या वॉर्निंग आपोआप गायब होतील. त्या तुमचा कोड सुधारल्यामुळे जाणार नाहीयेत. कर्नलने स्पार्सची लॉक मोजणीच काढून टाकलीय. काढताना दिलेलं कारण वाचण्यासारखं आहे: साध्या डिफकॉन्फिग (कर्नलच्या डीफॉल्ट कॉन्फिगच्या) बिल्डमध्येही असल्या १,७०० हून जास्त वॉर्निंग यायच्या आणि त्यातल्या बहुसंख्य खोट्या. एवढ्या गोंगाटात खरी वॉर्निंग कुणाला दिसणार?

स्पार्स वाईट टूल नाही. लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने २००३ मध्ये ते सुरू केलं, आणि यूझर पॉइंटर, एंडियन (बाइट्सचा क्रम) वगैरे तपासायला ते आजही हवंच. पण लॉकच्या बाबतीत ते फक्त आकडा ठेवायचं. अ‍ॅक्वायर झालं की एक वाढवा, रिलीज झालं की एक कमी करा, फंक्शनच्या शेवटी हिशोब जुळला की खूश. देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्याने नुसते जोड मोजावेत, कुणाचे कुणी घातले ते बघूच नये, तसला प्रकार. 'क' लॉक घेतला आणि 'ख' सोडला तरी स्पार्सचा हिशोब चोख. आणि __मस्ट_होल्ड ('लॉक हातात असेल तरच हाक मारा' अशी खूण) लिहिलेल्या फंक्शनला हाक मारणाऱ्याने तो लॉक खरंच घेतला होता का, हे ते विचारतच नव्हतं.

सगळ्यात मोठी उणीव म्हणजे डेटा आणि लॉक यांचं नातं सांगायची सोयच नव्हती. क्लँगमध्ये ती आहे. तुमची ती कॉमेंट अशी लिहिता येते:

स्ट्रक्ट यंत्र {
  स्पिनलॉक_टी लॉक;
  स्ट्रक्ट लिस्ट_हेड रांग __गार्डेड_बाय(&लॉक);
  अनसाइन्ड इंट संख्या __गार्डेड_बाय(&लॉक);
  चार *बफर __पीटी_गार्डेड_बाय(&लॉक);
};

शेवटच्या ओळीतला 'पीटी' महत्त्वाचा. बफर हा पॉइंटर वाचायला लॉक लागत नाही, पण तो ज्याच्याकडे बोट दाखवतो ते वाचायला लागतो. आता कुणीही, कुठल्याही फाइलमध्ये, लॉक न घेता संख्या++ केलं की कंपाइल करतानाच बोंब. तो रस्ता टेस्टमध्ये चालला की नाही याच्याशी काही देणंघेणं नाही. आणि चालताना याचा खर्च शून्य, कारण तयार झालेल्या मशीन कोडमध्ये यातलं काहीच नसतं.

लागतं काय? क्लँग २२ किंवा पुढचा, कॉन्फिगमध्ये वॉर्न_कॉन्टेक्स्ट_अ‍ॅनालिसिस चालू, आणि तुमच्या मेकफाइलमध्ये एक ओळ: कॉन्टेक्स्ट_अ‍ॅनालिसिस := वाय. ज्या मॉड्यूलने ती ओळ लिहिली त्याचीच तपासणी होते, बाकीचं कर्नल तुम्हाला ओरडत नाही.

तर्कटराव

घनचक्कर यांनी चित्र फार गुलाबी रंगवलंय, म्हणून थोडं पाणी ओततो.

लॉकडेप २००६ पासून, २.६.१८ पासून, कर्नलमध्ये आहे. कर्नल डेव्हलपर इंगो मोल्नारने ते आणलं तेव्हापासून लॉकचा क्रम उलटापालटा होणं, इंटरप्ट हँडलरमध्ये घेतला जाणारा लॉक बाहेर इंटरप्ट बंद न करता घेणं, असले खरे जीवघेणे बग त्यानेच पकडलेत. आणि गंमत अशी की डेडलॉक प्रत्यक्ष व्हावा लागत नाही. सकाळी एका सीपीयूवर आधी क मग ख घेतला, संध्याकाळी दुसऱ्यावर आधी ख मग क, तेवढ्यावर ते तक्रार करतं. क्लँगची ही तपासणी एकेका फंक्शनपुरती बघते. हाक मारलेल्या फंक्शनच्या पोटात ती शिरत नाही, त्याच्या डिक्लेरेशनवर जे लिहिलंय त्यावर विश्वास ठेवते. क्रमाच्या भानगडी तिच्यावर सोपवून झोपायला जाऊ नका.

दुसरं, सशर्त लॉकिंग. 'गरज असेल तर लॉक घे, काम कर, गरज असेल तर सोड' असा कोड कर्नलमध्ये जागोजागी आहे. माणसाला कळतं की दोन्ही इफ एकाच अटीवर आहेत. क्लँगला कळत नाही, ते म्हणतं 'प्रत्येक वाटेने लॉक हातात नाही'. मग त्याची समजूत काढण्यासाठी चांगलं चालणारं फंक्शन फोडा. वर्षानुवर्षं चाललेला कोड एका टूलसाठी हलवायचा आणि नवे बग घालायचे, हे मला पटत नाही. बॅकपोर्ट करणाऱ्यांचे (दुरुस्त्या जुन्या कर्नलवर नेणाऱ्यांचे) शिव्याशाप वेगळेच.

माझं मत: प्रत्येक आतल्या फंक्शनमध्ये लॉकडेप_असर्ट_हेल्ड (लॉक हातात आहे ना, हे चालताना तपासणारी ओळ) टाका, डीबग कर्नलवर टेस्ट चालवा, विषय संपला.

मेघमल्हार

@तर्कटराव, पहिल्या मुद्द्याशी बाडिस (बाय डिफॉल्ट सहमत). शेवटच्याशी अजिबात नाही.

असर्ट तेव्हाच बोलतो जेव्हा ती ओळ चालते, आणि तीही लॉकडेप चालू असलेल्या कर्नलवर. लॉकिंगचे बग लपतात कुठे? एरर पाथमध्ये. के-मॅलॉक (मेमरीची मागणी) फेल झाला, डिव्हाइस मध्येच उपटलं, फर्मवेअरने वेळेत उत्तर दिलं नाही. टेस्ट सूटमध्ये या वाटांनी कोण जातं? फेलस्लॅब लावून मुद्दाम अ‍ॅलोकेशन पाडता येतात हे खरं, पण खऱ्या टीम्समध्ये ते किती जण लावतात हे तुम्हालाही ठाऊक आहे. त्यात लॉकडेपचा स्वभाव असा की एकदा एक दोष सापडला की ते स्वतःला बंद करून घेतं. बूट होताना दुसऱ्याच कुठल्या ड्रायव्हरने खोडी काढली असेल, तर तुमची टेस्ट चालू होईतो लॉकडेप झोपलेलं असतं आणि तुम्ही समजता की सगळं आलबेल. @कंसातला, तुमचा लॉग सुरुवातीपासून एकदा वाचा. खरंच शांत होतं, की आधीच गप्प झालं होतं?

आणि नव्या व्यवस्थेत त्याच असर्टचा अर्थ बदलतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. लॉकडेप_असर्ट_हेल्ड दिसला की क्लँग मान डोलावतं: लेखक म्हणतोय ना लॉक आहे, मग आहे. तिथून पुढे ते तपासत नाही. म्हणून वॉर्निंग बंद करायला असर्ट शिंपडत सुटलं, तर प्रॉडक्शन बिल्डमध्ये ना लॉकडेप बघतंय ना क्लँग. आतल्या स्टॅटिक फंक्शनवर __मस्ट_होल्ड लावणं जास्त प्रामाणिक, कारण ओझं हाक मारणाऱ्यावर जातं आणि ते कंपायलर तपासतो. असर्ट ठेवायचा तो जिथे नातं कंपायलरला सांगताच येत नाही तिथे.

जुनाखोंड

अवांतर, पण राहवत नाही.

हे सगळं नवीन असल्यासारखं बोलताय म्हणून सांगतो. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९३ च्या सुमारास वॉरलॉक नावाचं टूल होतं, त्यांच्या सोलारिस ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलचं लॉकिंग स्टॅटिक पद्धतीने (कोड न चालवता) तपासणारं. इलुमॉसचा (सोलारिसच्या ओपन सोर्स वंशजाचा) सोर्स आज उघडलात तरी ड्रायव्हरांमध्ये _नोट(म्युटेक्स_प्रोटेक्ट्स_डेटा(...)) अशा ओळी सापडतील, त्या तिथल्याच. त्यातला माझा लाडका प्रकार म्हणजे स्कीम_प्रोटेक्ट्स_डेटा. लॉक नसेल, पण दुसरी काही शिस्त असेल, तर अवतरणचिन्हात चक्क वाक्य लिहायचं, उदाहरणार्थ 'अनशेअर्ड डेटा'. टूल त्या फील्डचा नाद सोडतं, आणि वाचणाऱ्याला कारण कळतं.

फ्रीबीएसडी या युनिक्स घराण्यातल्या सिस्टिमवाल्यांनी त्याहून साधं केलं. त्यांच्या स्ट्रक्ट प्रॉकमध्ये प्रत्येक फील्डपुढे कंसात एक अक्षर असतं आणि वर त्या अक्षरांची किल्ली: 'बी' म्हणजे फोर्कच्या वेळी तयार होतं, नंतर बदलत नाही, 'सी' म्हणजे प्रोसेसच्या म्युटेक्सखाली. कंपायलर ते वाचत नाही, पण रिव्ह्यू करणारा वाचतो. विंडोजच्या ड्रायव्हरवाल्यांकडे सॅलची (मायक्रोसॉफ्टची कोडवर खुणा करायची पद्धत) अ‍ॅनोटेशन्स आहेत. कुठलं फंक्शन कुठल्या आयआरक्यूएलपर्यंत (इंटरप्टच्या प्राधान्याच्या पातळीपर्यंत) चालेल हेसुद्धा त्यात लिहिता येतं. गूगलच्या फुशियाचं झिरकॉन कर्नल तर क्लँगची हीच तपासणी टीए_गार्डेड वगैरे नावांनी वापरतं.

लिनक्सला एवढा उशीर का झाला? माझ्या मते मुख्य कारण सी भाषा. क्लँगची तपासणी सी++ डोळ्यांपुढे ठेवून वाढली. तिथे लॉक घेणारा ऑब्जेक्ट स्कोप संपला की आपोआप सोडतो, कंपायलरला सगळं सरळ दिसतं. कर्नलमध्ये गोटू आउट_अनलॉक, म्हणजे लॉक सोडायच्या ओळीवर हाताने उडी. २०२३ मध्ये ६.५ ला पीटर झायल्स्ट्राचे गार्ड() आणि स्कोप्ड_गार्ड() (स्कोप संपला की लॉक आपोआप सोडणारे) आले, तेव्हा कुठे जमीन तयार झाली. त्यावर मार्को एल्व्हरने हे बांधलं. केसीसॅनवाला (चालू कर्नलमध्ये डेटा रेस पकडणारं टूल) तोच.

घनचक्कर

@जुनाखोंड, वाखु (वाचनखूण) साठवली.

@तर्कटराव, क्रमाचा मुद्दा मान्य. एक लॉक दुसऱ्याच्या आधी की नंतर, हा लॉकडेपचाच प्रांत. ते बंद करा असं मी म्हटलेलंच नाही. पण 'चालणारा कोड हलवायचा नाही' हे सरसकट नको. सशर्त लॉकिंगची फंक्शन्स माणसालाही नीट वाचता येत नाहीत, म्हणून तर तिथे बग सापडतात. अगदी हलवायचं नसेल तर त्या एका फंक्शनवर __नो_कॉन्टेक्स्ट_अ‍ॅनालिसिस लिहा आणि वर कारण लिहा.

कंसातला

भारी माहिती मिळतेय, सगळ्यांचे आभार. @मेघमल्हार, लॉग पाहिला. माझ्या ड्रायव्हरच्या बरंच आधी एका ग्राफिक्स ड्रायव्हरवर लॉकडेपने तक्रार करून अंग काढून घेतलं होतं! तो मॉड्यूल ब्लॅकलिस्ट करून पुन्हा चालवतोय.

दरम्यान स्ट्रक्टवर __गार्डेड_बाय लावून बिल्ड केलं. आमचं प्रॉडक्शन कर्नल जीसीसी कंपायलरचं आहे, पण एलएलव्हीएम=१ देऊन (म्हणजे क्लँगने) सीआयमध्ये (आपोआप चालणाऱ्या बिल्ड-टेस्टमध्ये) फक्त तपासणीसाठी वेगळं बिल्ड लावलं. जीसीसीला ही अ‍ॅनोटेशन्स रिकामी दिसतात, त्यामुळे तिकडे काही बिघडत नाही.

दोन वॉर्निंग अस्सल निघाल्या.

पहिली नेहमीची: काम नोंदवणाऱ्या फंक्शनमध्ये रांग भरलेली असेल तर मधूनच ईबिझी ('व्यस्त' एरर) परत, लॉक तसाच हातात. ही स्पार्सनेही दाखवली होती म्हणे, पण ढिगाऱ्यात गेली.

दुसरी बघून मात्र मी खुर्चीत सरळ झालो. टाइमआउट झालेली कामं झाडणारं एक फंक्शन वर्कक्यूमध्ये (कर्नलने मागे टाकलेल्या कामांच्या रांगेत) चालतं. त्यात असं आहे:

म्युटेक्स_लॉक(&य->नोंद_लॉक);
...
य->संख्या--;
म्युटेक्स_अनलॉक(&य->नोंद_लॉक);

लॉक आहे, वेळेवर सोडलाय, सगळं देखणं. फक्त लॉक चुकीचा. संख्या स्पिनलॉकखाली आहे, आणि इंटरप्ट हँडलर स्पिनलॉक घेऊनच ती वाढवतो. 'कधीकधी आकडा एकाने चुकतो' अशी एक जुनी तक्रार आमच्या ट्रॅकरमध्ये कुणीतरी 'पुन्हा घडवता येत नाही' म्हणून बंद केली आहे. ती हीच असावी, असा दाट संशय आहे.

मेघमल्हार

हेच ते! स्पार्सचा हिशोब जुळतो, क्रम उलटत नाही म्हणून लॉकडेपही गप्प. असर्टही कुणी लिहिला नसेल, कारण लिहिणाऱ्याला वाटत होतं की लॉक घेतलाय. केसीसॅनने पकडलं असतं, पण ते नमुने घेत चालतं. दोन्ही बाजू त्याच्या डोळ्यांदेखत एकमेकींवर आदळायला हव्यात.

तर्कटराव

बरं बाबा, हा दाणा पक्का आहे. चुकीच्या लॉकची केस माझ्या असर्टने पकडली नसती, मान्य.

पण एक धोका सांगून ठेवतो. आता उत्साहात सगळीकडे गार्ड(स्पिनलॉक_आयआरक्यूसेव्ह)(&य->लॉक) करत सुटाल. रीड फंक्शन सांभाळा. तिथे लॉक सोडल्यावर कॉपी_टू_यूझर (यूझरच्या मेमरीत डेटा उतरवणं) असेल. गार्ड फंक्शनच्या शेवटपर्यंत लॉक धरून ठेवतो, म्हणजे ती कॉपी लॉकखाली येणार, पेज फॉल्ट आला की स्पिनलॉक हातात असताना झोपायची पाळी. क्लँग यावर अवाक्षर काढणार नाही, त्याच्या दृष्टीने लॉकिंग आदर्श. डीबग_अ‍ॅटॉमिक_स्लीप चालू ठेवा, आणि अशा ठिकाणी स्कोप्ड_गार्ड वापरून कंस लवकर बंद करा.

कंसातला

रीडमध्ये अगदी तसंच आहे! स्कोप्ड_गार्ड केलं.

आता उरलेल्या वॉर्निंग, ज्यात कोड बरोबर आहे असं मला वाटतं:

प्रोब फंक्शनमध्ये (डिव्हाइस सापडल्यावर ड्रायव्हर तयारी करतो ते) रांग इनिशियलाइझ करताना आणि संख्या शून्य करताना ओरडतं. तेव्हा डिव्हाइस अजून कुणाला दिसतही नसतं, लॉक कशाला घ्यायचा?

सिसएफएसमधून (कर्नलची माहिती फाइलरूपात दाखवणारी जागा) संख्या दाखवताना लॉक घेत नाही, जुनी किंमत दिसली तरी चालते.

आणि एक वेट_इव्हेंट (अट खरी होईपर्यंत झोपून वाट बघणं) आहे, त्याची अट संख्या > ०. तिथेही तक्रार.

शिवाय लिस्ट_अ‍ॅड_टेलला नुसता &य->रांग पाठवला तरी बोंबलतं. मी तर काही वाचत नाहीये, पत्ता देतोय फक्त.

घनचक्कर

शेवटचं आधी. ते मुद्दाम आहे. सी मध्ये सगळा कारभार पॉइंटरने चालतो. पत्ता देणं मोकळं सोडलं तर याद्यांच्या बाबतीत तपासणीला अर्थच उरणार नाही, म्हणून कर्नलने पॉइंटरची वॉर्निंगही चालू ठेवलीय. तिथे लॉक घ्या, कारण लिस्ट_अ‍ॅड_टेल आत जाऊन लिहिणारच आहे.

प्रोबसाठी वेगळे गार्ड आहेत: गार्ड(स्पिनलॉक_इनिट)(&य->लॉक). यात लॉक इनिशियलाइझ होतो, खरा घेतला जात नाही, पण त्या स्कोपपुरतं क्लँगला 'हे फील्ड आता हाताळू दे' असं सांगितलं जातं. प्रोब लांबलचक असेल तर स्कोप्ड_गार्ड करा, नाहीतर इंटरप्ट नोंदवून झाल्यावरचा कोडही त्या सवलतीत बसेल.

सिसएफएससाठी ती एकच एक्स्प्रेशन कॉन्टेक्स्ट_अनसेफ() मध्ये गुंडाळा. अख्खं फंक्शन वगळू नका, उद्या कुणी त्यात लिहिणारी ओळ घातली तर ती दिसली पाहिजे. आणि शेजारी कारण लिहा, जुनाखोंड यांच्या सोलारिससारखं.

मेघमल्हार

वेट_इव्हेंटला मात्र गुंडाळू नका. जागं झाल्यावर पुढे काय करता? रांगेतून काम काढत असाल तर अट लॉकशिवाय तपासून मग लॉक घेताना मध्ये दुसरा कुणीतरी ते काम घेऊन जाऊ शकतो. लॉक घेतल्यावर पुन्हा तपासता का?

कंसातला

नाही तपासत. थेट लिस्ट_फर्स्ट_एन्ट्री.

मेघमल्हार

मग ही तिसरी अस्सल वॉर्निंग. लिस्ट_फर्स्ट_एन्ट्री रिकाम्या यादीवर नल देत नाही, यादीच्या डोक्यालाच काम समजून परत देते. वाचणारे दोन थ्रेड एकदम जागे झाले की दुसऱ्याच्या हातात कचरा. वेट_इव्हेंट_लॉक_आयआरक्यू वापरा: अट लॉक हातात असताना तपासली जाते, झोपण्याआधी सोडला जातो, उठल्यावर परत घेतला जातो, आणि बाहेर पडता तेव्हा लॉक तुमच्याकडेच असतो. फक्त सिग्नलने उठता यायला हवं असेल तर त्याचा इंटरप्टिबल अवतार घ्या आणि परत आलेली किंमत तपासा, नाहीतर कंट्रोल-सी दाबणारा यूझर अडकून बसेल.

नवखा_रस्टवाला

सगळं वाचलं. रस्टमध्ये म्युटेक्सच्या पोटातच डेटा असतो, लॉक घेतल्याशिवाय हातच लागत नाही. हा सगळा धागाच उद्भवला नसता :)

जुनाखोंड

उद्भवला असता. एका लॉकखाली दोन वेगळ्या स्ट्रक्टमधली फील्ड्स आली की तिथेही लॉक्डबाय वापरून नातं सांगावंच लागतं. आणि कंसातला यांचा ड्रायव्हर या तिमाहीत सी मध्येच जाणार आहे, तो पुन्हा लिहायला त्यांना कोण वेळ देतोय?

शेवटचा_बाक

एक शंका. आमचा ड्रायव्हर अनेक फाइल्समध्ये आहे. __मस्ट_होल्ड .सी फाइलमधल्या व्याख्येवर लिहिलं, पण दुसऱ्या फाइलमधून लॉक न घेता हाक मारली तरी वॉर्निंग येत नाहीये.

घनचक्कर

येणार कशी? त्या फाइलला फक्त हेडरमधलं डिक्लेरेशन दिसतं. अ‍ॅनोटेशन हेडरमध्ये हलवा. आणि हेडरमध्ये त्या स्ट्रक्टचं नुसतं नाव असेल, पूर्ण व्याख्या नसेल, तर &य->लॉक तिथे लिहिता येणार नाही. मग स्ट्रक्टची व्याख्या ड्रायव्हरच्या आतल्या हेडरमध्ये न्यावी लागेल.

कंसातला

अपडेट: तीन दुरुस्त्या तीन वेगळ्या पॅचमध्ये काढल्या, अ‍ॅनोटेशन्स त्यानंतरच्या पॅचमध्ये, म्हणजे जुन्या कर्नलवर फक्त दुरुस्त्या नेता येतील (तर्कटराव, हे खास तुमच्यासाठी). दुसऱ्या म्युटेक्सखाली नेमकं काय आहे ते अजून कळलेलं नाही. एकेक फील्डला __गार्डेड_बाय लावून कुठे ओरडतं ते बघतोय. ग्राफिक्सवाला मॉड्यूल काढल्यावर लॉकडेपनेही एक क्रमाची तक्रार काढलीय, नोंद_लॉक आणि दुसरा म्युटेक्स यांच्यात. त्यासाठी वेगळा धागा काढतो.

तर्कटराव

काढा. तिथे मी पहिला प्रतिसाद देणार.